आधी लाल दिसलं, माणूस मागून

शेख गफूर शेख इमाम, माझे उस्ताद.

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी हेच नाव सांगत आलो. ऐकणारा जरा थबकतो. घराण्यातला पहिला बी.ए. झालेला माणूस एखाद्या हेडमास्तरांचं किंवा प्राध्यापकांचं नाव घेईल, अशी त्याची अपेक्षा असते. मी इंजिनाच्या ड्रायव्हरचं घेतो. तुमच्यासमोर मात्र हे कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही भट्टीकडे बोट केलं असतं आणि म्हणाला असतात, "बीए, आग बघ."

गेल्या आठवड्यात तुम्हाला माती देऊन आलो. तेव्हापासून ड्युटीवरून आलो की तुमची टोपी टेबलावर ठेवतो आणि तिच्यासमोर बसून हे लिहितो. काळ्या जाड कापडाची, पुढं बोटभर छज्जा, माथ्यावर मेणकापड. इंजिनाचं तेल पुसलेला बोळा तुम्ही त्या माथ्यावरून रोज फिरवायचात. धुराड्यातून उडालेली ठिणगी त्या तेलकट माथ्यावर पडली की टिकत नसे, घसरून खाली जाई. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वाटलं होतं, म्हाताऱ्याला नटायची हौस आहे.

छज्ज्याच्या वर चार बारीक भोकं आहेत. तिथं निजामाच्या रेल्वेचा बिल्ला होता. पोलीस ॲक्शन झाली, रेल्वे बदलली, बिल्ले जमा करून घेतले. तुम्ही तेव्हा तरणे फायरमन होतात. त्या दिवसांबद्दल तुम्ही स्वतःहून कधी बोलला नाहीत. मी इतिहासाच्या पेपरचा अभ्यास करताना एकदा खोदून विचारलं, तेव्हा टोपी काढून मला भोकं दाखवलीत आणि म्हणालात, "बिल्ला गया. डोकं तेच, टोपी तीच, दौलताबादचा चढ पण तोच." पुस्तकात त्या प्रकरणाला बावीस पानं होती. परीक्षेत मी बावीस पानांचंच उत्तर लिहिलं, पण लक्षात राहिली ती चार भोकं.

आपली सुरुवात भांडणानं झाली, हे तुम्हालाही आठवत असेल.

मी लासूर स्टेशनच्या शाळेत मॅट्रिक झालेला, मेंढरं राखणाऱ्याचा पोरगा. औरंगाबादला इंजिनं पुसायच्या कामावर लागलो आणि पुढं हंगामी फायरमन झालो. पहिल्या फेरीला मी डोक्याला लाल फडकं बांधून आलो होतो. ते आबांच्या जुन्या मुंडाशातून फाडलेलं होतं. आईनं त्याला हातशिलाई घालून दिली होती. आमच्या वाडीतून इंजिनावर चढणारा मी पहिला, आणि बापाचं मुंडासं डोक्यावर घेऊन चढतो आहे, याचा मला फार अभिमान वाटत होता. एक टोक ऐटीत खांद्यावर सोडलं होतं.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. नाव विचारलं नाहीत, गाव विचारलं नाहीत. "ये उतार," म्हणालात.

मी म्हणालो, "आमच्या आबांचं आहे."

"मालूम है. उतार."

मी हललो नाही, तेव्हा तुम्ही स्वतः पुढं झालात, माझ्या डोक्यावरून ते सोडवलंत, चार घड्या घातल्यात आणि तुमच्या पत्र्याच्या पेटीत, जेवणाच्या डब्याच्या वर ठेवलंत. मग स्वतःच्या खांद्यावरचं गडद निळं फडकं माझ्या डोक्याला करकचून बांधलंत, गाठ मागं, टोकं आत. मनमाड येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. कोळसा टाकताना मनात तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. माझ्या बापाच्या मुंडाशाला तुम्ही हलकं समजता, असं मला वाटलं. हे मी तुम्हाला आयुष्यात कधी सांगितलं नाही. आज सांगून टाकतो.

फेरी संपली तेव्हा तुम्ही पेटी उघडून फडकं माझ्या हातात दिलंत. "घरी ने. इज्जतीची चीज आहे. इंजिनावर लाल नक्को."

कारण सांगणं तुमच्या स्वभावात नव्हतं. ते मला शेडमधल्या लोकांनी सांगितलं, तेही हसत हसत. रेल्वेत हातातलं लाल कापड म्हणजे थांबा. इंजिनावरचा माणूस उकडतं म्हणून डोक्याचं काढतो, घाम पुसतो, वाऱ्यावर झटकतो. ते लाल असलं तर पुढच्या सिग्नल केबिनमधल्या माणसानं काय समजायचं? आणि खांद्यावर सोडलेलं टोक भट्टीचं दार उघडताना कुठं जाईल, हे सांगायची गरजच नव्हती. ते कळल्यावर मला लाज वाटली. पण माफी मागायला मी लई उशीर केला, आणि मग ती राहूनच गेली.

'बीए' हे नाव तुम्ही मला बी.ए. व्हायच्या कितीतरी आधी दिलंत. भाकरीच्या फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक तुम्हाला दिसलं, आणि मी बाहेरून परीक्षेला बसतो आहे हे मला सांगावं लागलं. शेडमध्ये सगळ्यांनी थट्टा केली. फायरमनला पदवी कशाला, कोळसा काय इंग्रजीत टाकणार आहेस का? तुम्ही थट्टा केली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांदेखत मला "बीए" म्हणून हाक मारू लागलात, जणू काही ते माझं हजेरीपटावरचं नाव आहे. मला ते फार अवघड जायचं. नापास झालो तर हे नाव कुठं नेऊन टाकू, असं वाटायचं. आता कळतं की तुम्ही मला परत फिरायला जागाच ठेवली नव्हती.

एकेरी लाईन, त्यामुळं समोरून येणाऱ्या गाडीसाठी पोटूळला नाहीतर परसोड्याला खोळंबून राहणं ठरलेलं. त्या वेळात तुम्ही फावडं माझ्या हातातून काढून घ्यायचात. "मी आग बघतो. तू वाच. मोठ्यानं." ड्रायव्हरनं कोळसा सारायचा आणि फायरमननं पाण्याच्या टाकीला टेकून मोगलांचं महसूल धोरण वाचायचं, हे दृश्य पाहून एकदा एक स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले होते. तुम्ही उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेले. पण मधेच थांबवून विचारायचात, "हे लिहिणारा तिथं होता काय?" मी म्हणायचो, नव्हता. "मग इतक्या खात्रीनं कसा बोलतो?" त्यावर आपण भांडायचो. परीक्षेच्या दिवशी माझी ड्युटी बदलून घ्यायला तुम्ही स्वतः दुसऱ्या फायरमनच्या दारात गेलात, दर वर्षी. कुणाच्या दारात जाणं तुम्हाला किती जड वाटायचं, ते मला माहीत आहे.

आणि मग तो निकालाचा दिवस. त्या दिवसावरून आपण शेवटपर्यंत भांडत राहिलो.

आबा तेव्हा पोटूळ आणि लासूरच्या मधे, वळणाजवळच्या माळावर मेंढरं घेऊन असायचे. आपली गाडी जाताना ते रोज काठी टेकून उभे राहत. तुम्ही खिडकीतून हात वर करायचात, ते मान हलवायचे. दोघांची ओळख एवढीच. निकाल लागणार हे त्यांना मी सांगून ठेवलं होतं. पास झालो तर कळवायचं कसं, हा प्रश्न होता. मी तुम्हाला भीत भीत विचारलं, वळणावर दोन शिट्ट्या मारल्या तर?

"शिट्टी गाडीची आहे," तुम्ही म्हणालात. "तुझ्या बापाची नाही."

मग ठरलं ते असं. पास झालो तर मी डोक्याचं निळं फडकं काढून हलवायचं. नापास झालो तर ते डोक्यावरच राहील. निळ्याला रेल्वेत अर्थ नाही, म्हणून तुम्ही परवानगी दिलीत.

सकाळी कॉलेजातल्या फळ्यावर माझा नंबर पाहिला. तसाच धावत स्टेशनवर आलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आता नाव कायम झालं." तेव्हा माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. कायम झालेलं ते पहिलं.

वळण आलं. मी फडकं काढलं आणि अर्धा बाहेर झुकून हलवलं. आबांनी पाहिलं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी काठी टाकली, डोक्यावरचं मुंडासं उपसलं, भराव चढून रुळाजवळ आले आणि ते लांबलचक लालभडक कापड दोन्ही हातांत ताणून डोक्यावर नाचवायला लागले. त्यांना आणखी काय सुचणार? आनंद झाला की मुंडासं उडवायचं, ही आमच्याकडची रीत.

माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत तुमचा एक हात वाफ बंद करत होता आणि दुसरा ब्रेकवर होता. गाडी करकरत थांबली. इंजिनाची पायरी बरोबर आबांच्या पायाशी.

आबा घाबरले. वर बघून म्हणाले, "काय झालं वो? बिघडली काय गाडी?"

तुम्ही खिडकीत कोपर टेकून म्हणालात, "तुम्हीच थांबवली, मामा."

"म्या? म्या काहून थांबवीन?"

डब्यांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. गार्डसाहेब झेंडे घेऊन मागून तरातरा चालत येताना दिसले. मी खाली उडी मारली. काय करावं ते आबांनाही कळेना. माझ्या काळ्या झालेल्या गालाला त्यांनी हात लावला, हाताला लागलेलं काळं पाहिलं आणि तेच बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. एका हातात मुंडासं तसंच लोंबत होतं.

"मामा, ते डोक्यावर घ्या," तुम्ही म्हणालात. "ते हातात आहे तोवर मला गाडी हलवता येत नाही."

आबांनी बांधायला घेतलं. घाईत मुंडासं बांधता येत नाही, हे ज्यानं बांधलं आहे त्याला माहीत आहे. पहिला पेच सैल झाला म्हणून त्यांनी सोडला. दुसऱ्यांदा टोकाची शेव आखूड राहिली. चार माणसांत अर्धवट बांधलेल्या मुंडाशानं उभं राहणं हे त्यांना उघड्यानं उभं राहण्यासारखंच. त्यांनी पुन्हा सोडलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. शेवटी मी एक टोक ताणून धरलं. आख्खी पॅसेंजर गाडी थांबलेली, इंजिन फुसफुसतंय, गार्डसाहेब घड्याळ हातात घेऊन उभे, आणि एक म्हातारा शांतपणे पेचावर पेच चढवतोय. तुम्ही वरून बघत होतात. "आरामात, मामा. टाइट नको. दुखेल डोकं."

गार्डसाहेबांचा पारा चढला होता. चालती गाडी थांबवणं हा गुन्हा आहे, म्हाताऱ्याचं नाव लिहून घेतो, म्हणाले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की हा फायरमनचाच बाप. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हंगामी माणसाची नोकरी जायला एवढं कारण पुरे होतं. आबांवर खटला झाला असता तो वेगळाच.

तुम्ही खाली उतरलात. "नाव लिहायचं तर माझं लिहा," म्हणालात. "गाडी मी थांबवली. मला लाल दिसलं. लालला बाप नसतो, भाऊ नसतो."

मनमाडला पोचल्यावर थांबण्याचं कारण लिहून द्यायचं होतं. तुमच्या वतीनं लिहायचं काम माझ्याकडे आलं. पदवीधर झाल्यावर लिहिलेला तो माझा पहिला कागद. मी खूप विचार करून लिहिलं की रुळावर म्हैस आडवी आली. तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही कागद हातात घेतलात, नीट दुमडलात आणि भट्टीत टाकलात.

"एवढं शिकून म्हैस लिहितो?"

मी म्हणालो, उस्ताद, खरं लिहिलं तर आबा अडकतील, मी जाईन, तुमचंही रेकॉर्ड खराब होईल.

"खोट्याला शेपूट लागतं. म्हशीचा मालक कोण, विचारतील. मग त्याचं नाव कुठून आणणार? लिही, बीए. लाल कपडा दिसला. गाडी उभी केली. कपडा धरणारा मेंढपाळ आनंदात होता, धोका नव्हता. कपडा डोक्यावर गेल्यावर गाडी हलवली." आणि खाली तुम्ही उर्दूत सही केलीत.

तुम्हाला बोलावणं आलं. वाचून दाखवायला मीही तुमच्या मागं उभा होतो. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मीही तुम्हाला पुढं कित्येक वर्षं विचारत राहिलो. त्या माणसाला तुम्ही ओळखत होता का?

तुम्ही टोपी काढून हातात धरली होती. म्हणालात, "साहेब, ओळख आहे. पण आधी लाल दिसलं, माणूस मागून दिसला."

साहेबांनी कागद खाली ठेवला. लाल बघून थांबलेल्या ड्रायव्हरला शिक्षा दिली तर उद्या कोण थांबेल, हे त्यांनाही कळत होतं. तुम्हाला काही आठवडे मालगाडीवर टाकलं, ताकीद दिली आणि प्रकरण मिटवलं. आबांना कुणी हात लावला नाही. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

मालगाडीवरून परत आल्यावर तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मीच काढला. मी म्हणालो, लाल बघून थांबणारी गाडी लालच्या अलीकडे थांबते. तुमची बरोबर आबांच्या समोर कशी थांबली? तुम्ही म्हणालात, "ब्रेक आहे, सुई-दोरा नाही. थांबली तिथं थांबली." मी म्हणालो, तो वळणावरचा माणूस तुम्ही रोज बघत होता. रोज त्याला हात करत होता. ठरलेलंही तुम्हाला माहीत होतं. खरं सांगा, तुम्हाला माझ्या बापाला त्याचा पोरगा दाखवायचा होता की नव्हता? तुम्ही म्हणालात, "बीए, पाणी बघ." असं दर दोन-चार महिन्यांनी होत राहिलं. तुमच्या उत्तरात कधी फरक पडला नाही.

पदवीदान समारंभाला मी आबांना औरंगाबादला आणलं. तुम्ही रजा घेऊन आलात. माझ्या अंगावर उसना काळा झगा होता. समारंभ संपल्यावर तुम्ही मला फिरवून फिरवून पाहिलंत आणि नाराजीनं म्हणालात, "इतकं शिकवलं आणि टोपी नाही दिली?" तिथून तुम्ही आबांना गुलमंडीत घेऊन गेलात. मुंडाशाचं कापड दाखवा म्हणालात. दुकानदारानं पांढरं काढलं, मग केशरी. आबाही म्हणाले, "पांढरं घेतो आता. त्या लाल्यापायी लई घोळ झाला."

"नाही मामा," तुम्ही म्हणालात. "लालच घ्या. तुमच्या डोक्यावर तेच चांगलं दिसतं. फक्त गाडी आली की ते डोक्यावर राहू द्या."

"व्हय," आबा म्हणाले. "आन हात? हात हलवला तर चालतो का?"

तुम्ही विचार केलात. दोन्ही हात वर केलेला माणूस दिसला तरी आम्हाला थांबावं लागतं, म्हणालात. आबांनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून गाडी येताना दिसली की ते दोन्ही हात अंगाला चिकटवून उभे राहायला लागले. आणि मला कळलं, पहिल्या दिवशी माझ्या डोक्यावरचं फडकं काढताना तुम्ही चार घड्या का घातल्या होत्या: मुंडासं तुमच्या लेखी कधीच हलकं नव्हतं.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी शेवटची फेरी आपलीच होती. इंजिनावरून उतरताना तुम्ही टोपी काढली, माथ्यावरून तेलाचा बोळा एकदा फिरवला आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "युनिव्हर्सिटीनं दिली नाही. ही घे." ती मला मोठी झाली. भुवयांपर्यंत आली. सगळे हसले, तुम्हीही. मी हसलो नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडलो असतो.

पुढं वाफेची इंजिनं गेली, रूळ रुंद झाले, मी डिझेलवर आलो. तुम्हाला नवं इंजिन दाखवायला मी स्टेशनवर नेलं होतं. तुम्ही आत चढलात, काचेतून बाहेर पाहिलंत, सीटवर बसून पाहिलंत. उतरताना मला म्हणालात, "उघड्या डोक्यानं चालवतोस?" मी म्हणालो, उस्ताद, इथं ठिणगी नाही, धूर नाही, टोपी कशाला? तुम्हाला ते पटलं नाही. मला तुमचं पटलं नाही. ते भांडण तसंच राहिलं. तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणून सांगतो, टोपी मी रोज सोबत नेतो. घालत नाही. ब्रेकच्या शेजारी, समोर ठेवतो.

माती झाल्यावर तुमच्या मुलीनं, शमीम आपांनी, मला थांबवून घेतलं आणि तुमची पत्र्याची पेटी उघडली. त्यात मी पाठवलेलं एक पत्र होतं, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेलं. पहिल्यांदा पॅसेंजर गाडी घेऊन गेलो तेव्हा मी ते लिहिलं होतं. त्याचं उत्तर म्हणून मला आपांच्या अक्षरात एक पोस्टकार्ड आलं होतं. टोपीत कागद घालू नको, कापड घाल, कागद पेट घेतो. चालत्या गाडीत ड्रायव्हरनं टोपी काढायची नसते. मामांना सलाम. पत्रात विचारलेल्या माझ्या त्या जुन्या प्रश्नाबद्दल एक अक्षर नव्हतं.

आपा म्हणाल्या, घरी कुणी पाहुणा आला की अब्बा हे पत्र काढायला लावायचे. मराठी त्यांना नीट वाचता येत नसे, म्हणून आपांनाच मोठ्यानं वाचायला सांगायचे. "आणि तुम्ही जिथं विचारलंय ना, ओळखलं होतं की नव्हतं, तिथं आले की प्रत्येक वेळी म्हणायचे, आगे पढ."

मला तेवढं पुरे आहे, उस्ताद. त्या तुकड्यांवरून पत्र इथं उतरवून काढतो. पुढं वाचायचं तुम्हीच सांगितलं आहे.

आदरणीय उस्ताद, सलाम.

आज पहिल्यांदा पॅसेंजर माझ्या हातात दिली. टोपी घातली होती. मोठी होते म्हणून आत कागदाची घडी घातली आहे. माथ्याला तेल लावलं होतं. चढाला गाडी नीट चढली, फायरमन बरा आहे, पण बोलतो फार.

पोटूळ सोडलं आणि वळण आलं. आबा उभे होते. मेंढरं आता विकली आहेत, तरी काठी घेऊन आले होते. मी येणार हे त्यांना सांगून ठेवलं होतं. गुलमंडीचं लाल मुंडासं डोक्यावर, पेच अगदी घट्ट, दोन्ही हात खाली अंगाला लावलेले. मान सुद्धा हलवली नाही त्यांनी. मान हलवल्यावर गाडी थांबते की काय, अशी शंका आली असेल.

उस्ताद, त्या वळणावर मला फार वाटलं की आबांनी मुंडासं काढावं. एकदाच काढावं. माझा हात ब्रेकवर होता. त्यांनी काढलं असतं तर मी थांबलो असतो, बरोबर त्यांच्या समोर. आणि साहेबांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं, आधी लाल दिसलं, माणूस मागून. तेही खोटं झालं नसतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला आज ड्रायव्हरच्या जागेवर बसल्यावर कळलं. तरी एकदा शेवटचं विचारतो, त्या दिवशी तुम्ही त्यांना ओळखलं होतं की नव्हतं?

आबा हलले नाहीत. गाडी त्यांच्यासमोरून गेली. मग मीच टोपी काढली आणि खिडकीबाहेर धरली. ही माझी चूक झाली, पण झाली.

परतीच्या फेरीला लासूरला पाणी घ्यायला थांबलो तेव्हा आबा फलाटावर आले होते. इंजिनाजवळ येऊन म्हणाले, "नाय काढलं म्या. बघितलं ना तू? उस्तादाला लिही, लई वाटलं पर नाय काढलं." त्यासाठीच हे पत्र.

त्यांनी काढलं नाही, उस्ताद. गाडी वेळेवर आली.

आपला,
बीए